निवड कोणाची?

पोशाख हा विषय शाळेच्या वार्षिकात कशाला, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. आणि तोही एका बोलपटाच्या निमित्ताने निघावा, याचे त्यांस अधिकच नवल वाटेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांस काही वर्षांतच कोणाच्या तरी हाताखाली नोकरी करावयाची आहे, आणि कपडे तर प्रत्येकास रोजच घालावे लागतात. या दोन्ही गोष्टींविषयी एका हसऱ्या अमेरिकन बोलपटात विचार करण्याजोगे बरेच काही आम्हांस आढळले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बोलपटाचे नाव 'द डेव्हिल वेअर्स प्राडा'. प्राडा ही १९१३ साली इटलीतील मिलान शहरी स्थापन झालेली, चामड्याच्या वस्तू व उंची पोशाख यांसाठी प्रसिद्ध असलेली पेढी होय. सैतानाच्या अंगावर त्याच पेढीचे कपडे असतात, असा नावातील विनोद आहे. लॉरेन वाइसबर्गर यांची याच नावाची कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. 'व्होग' या विख्यात मासिकाच्या तत्कालीन संपादिका ॲना विंटूर यांची मदतनीस म्हणून लेखिकेने पूर्वी काम केले होते. कादंबरीवरून ॲलिन ब्रॉश मकेना यांनी पटकथा लिहिली, डेव्हिड फ्रँकेल यांनी दिग्दर्शन केले, आणि २००६ च्या जून महिन्यात बोलपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. मेरिल स्ट्रीप यांचे नाव अभिनयासाठी आणि पॅट्रिशिया फील्ड यांचे वेशभूषेसाठी ऑस्कर पारितोषिकाच्या यादीत आले होते.

कथा थोडक्यात अशी. अँड्रिया साक्स ही मुलगी नुकतीच पदवी घेऊन न्यूयॉर्क शहरी येते. तिला व्हावयाचे असते पत्रकार. मिळते ती 'रनवे' नावाच्या पोशाखविषयक मासिकातील संपादिकेच्या दुय्यम मदतनिसाची जागा. संपादिका मिरांडा प्रीस्टली हिचा दरारा असा की, ती येत आहे असे कळताच कार्यालयातील बायका पायांतील साध्या चपला काढून उंच टाचांची पादत्राणे चढवितात. ती कधी ओरडत नाही. अगदी खालच्या आवाजात ती काम सांगते, आणि ते काम बहुधा अशक्य कोटीतील असते. वादळामुळे विमाने बंद असताना मायामीहून घरी नेणारे विमान मिळवावयाचे. जे हॅरी पॉटरचे पुस्तक अद्याप छापूनच निघालेले नाही, त्याचे हस्तलिखित तिच्या जुळ्या मुलींसाठी काही तासांत पैदा करावयाचे! प्रेक्षक पोट धरून हसतो. ज्याने कडक साहेबाच्या हाताखाली दिवस काढले आहेत, तो जरा कमी हसतो.

कथेत प्रेमप्रकरणही आहे. नेट नावाचा स्वयंपाकी तिचा प्रियकर आहे. पुढे एक मिठ्ठास बोलणारा लेखक तिच्या वाटेत येतो. ही बाजू आम्हांस लंगडी वाटली. कामामुळे प्रियकराचा वाढदिवस चुकविणाऱ्या मुलीस कथेत जितका दोष लागतो, तितका एखाद्या मुलास लागला असता काय? खुद्द अँड्रियाही एके ठिकाणी म्हणते की, मिरांडा पुरुष असती, तर लोकांनी तिच्या स्वभावाविषयी न बोलता केवळ तिच्या कर्तबगारीची वाखाणणी केली असती. आमच्या विद्यार्थिनींनी या वाक्याचा अवश्य विचार करावा.

बोलपटाचे खरे मर्म मात्र दोन प्रसंगांत आहे. पहिला प्रसंग निळ्या स्वेटरचा. एका पोशाखावर दोन पट्ट्यांपैकी कोणता शोभेल, याची गंभीर चर्चा चालू असते. अँड्रियास दोन्ही पट्टे सारखेच दिसतात, आणि तिला हसू येते. तिच्या अंगावर एक जाडाभरडा निळा स्वेटर आहे. आपण असल्या क्षुद्र गोष्टींच्या पलीकडे आहोत, असे तिला वाटते. मिरांडा शांतपणे तिला त्या स्वेटरची वंशावळ सांगते. तो रंग नुसता निळा नव्हे, तो सेरुलियन. प्रथम तो एका नामांकित रचनाकाराच्या झग्यांत आला, मग दुसऱ्यांनी उचलला, तेथून मोठ्या दुकानांत उतरला, आणि शेवटी उरल्यासुरल्या मालाच्या ढिगात पडला. तेथून अँड्रियाने तो स्वस्तात घेतला. जो रंग आपण निवडला असे तिला वाटते, तो याच खोलीतील माणसांनी तिच्यासाठी आधीच निवडला होता!

या भाषणातील झगे व साल ही पटकथेची कल्पना आहे, परंतु व्यवहार खरा आहे. न्यूयॉर्क, लंडन, मिलान व पॅरिस येथे वर्षातून दोनदा पोशाखांची मोठी प्रदर्शने भरतात. तेथे दिसणारे कपडे सुमारे सहा महिन्यांनी दुकानांत येतात. आणि कोणते रंग चालतील याचे अंदाज त्याच्याही पुष्कळ आधी बांधलेले असतात, कारण सूत रंगविणे, कापड विणणे व कपडे शिवणे यांस वेळ लागतो. तेव्हा 'मला पोशाखाशी काही कर्तव्य नाही' असे म्हणणाराही अंगात सदरा घालतो, तो शेकडो हातांतून आलेला असतो.

मात्र मिरांडाने एक गोष्ट सांगितली नाही. तिच्या हिशेबी प्रवाह नेहमी वरून खाली वाहतो. प्रत्यक्षात तो खालून वरही जातो. याचा दाखला आपल्याच मुलखात मिळतो, आणि योगायोग असा की तो प्राडा पेढीचाच आहे. २०२५ च्या जून महिन्यात तिने मिलानच्या प्रदर्शनात थेट कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या, परंतु त्या कोठल्या कारागिरीच्या, हे सांगितले नाही. कोल्हापुरी चपलेस महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील कारागिरांसाठी २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेला, तेव्हा प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे पेढीने मान्य केले. वस्तू वापरणाऱ्याने तिची वंशावळ विचारावी, ती अशी दोन्ही बाजूंनी.

दुसरा प्रसंग पॅरिसचा. पॅरिसच्या वारीची आस वरिष्ठ मदतनीस एमिली हिने वर्षभर धरलेली असते. तेथील पोशाख अंगावर नीट बसावेत म्हणून ती जवळजवळ उपाशी राहते. परंतु मिरांडा ऐन वेळी तो मान अँड्रियास देते, आणि नकार दिलास तर तुला आपल्या भवितव्याची पर्वा नाही असे मी समजेन, असे बजावते. अँड्रिया जाते. पॅरिसमध्ये मिरांडा स्वतःची खुर्ची राखण्यासाठी नायजेल या आपल्या जुन्या, निष्ठावंत सहकाऱ्याची हाती आलेली मोठी जागा दुसरीस देऊन टाकते. अँड्रिया व्यथित होऊन म्हणते, असे माझ्याने झाले नसते. मिरांडा उत्तर देते की, एमिलीच्या बाबतीत तू तेच केलेस. माझा नाइलाज होता, असे अँड्रिया म्हणते. नाही, ती तुझी निवड होती, असे मिरांडा तिला सुनावते.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. जेथे अँड्रियास आपण स्वतंत्रपणे निवडले असे वाटत होते, तेथे निवड दुसऱ्यांनी केली होती. आणि जेथे आपला नाइलाज झाला असे तिला वाटत होते, तेथे निवड तिची स्वतःची होती. बोलपटाचे सारे सार एवढ्यात आहे. कपड्याच्या रंगात आपण जितके स्वतंत्र आहोत असे मानतो तितके नसतो. आणि वर्तनात आपण जितके पराधीन आहोत असे मानतो, तितकेही नसतो. नोकरीत माणूस एका दिवसात बिघडत नाही. आज एक लहान गोष्ट 'साहेबांनी सांगितली म्हणून' होते, उद्या दुसरी होते, आणि प्रत्येक वेळी तेच कारण पुरते.

अँड्रियास हे उमगते तेव्हा ती सतत वाजणारा दूरध्वनी पॅरिसमधील एका कारंज्याच्या पाण्यात टाकून चालू लागते. येथे आमच्या विद्यार्थ्यांनी भलताच अर्थ घेऊ नये. कष्टाचे काम टाकून पळावे, असे बोलपट सांगत नाही. प्रारंभी ती कुरकुर करते, तेव्हा नायजेलच तिला सुनावतो की तू प्रयत्न करीत नाहीस, नुसती रडतेस. आणि त्यानंतर ती ते काम उत्तम रीतीने शिकते. म्हणूनच शेवटी मिरांडा एका वृत्तपत्रास कळविते की, या मुलीने माझी जितकी निराशा केली तितकी कोणीच केली नाही, परंतु तिला न घेणारा मूर्ख ठरेल. आधी काम शिकून मग सोडणाऱ्यासच अशी शिफारस मिळते.

पालकांस एकच विनंती. मुलास अथवा मुलीस नोकरी लागली की पेढे अवश्य वाटावेत. परंतु काही महिने लोटल्यावर, पगार किती वाढला हे विचारताना, कार्यालयात कोणाचा हक्क हिरावून तर तो वाढला नाही ना, हेही विचारावे. असे विचारणारे माणूस घरी आहे, हे ठाऊक असले म्हणजे 'नाइलाज होता' हे शब्द तोंडून सहसा निघत नाहीत.