पोलादपूरच्या दगडातला जुना डोंगर

महाड-पोलादपूरकडे ग्रॅनाइट शोधायला निघालात तर हात हलवत परताल. गांधारपाल्याची लेणी ज्यात कोरली तो कातळ, रायगडाचे कडे, सावित्रीच्या पात्रातले धोंडे, सगळा काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.

पण याच बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटची खूण आहे. आंबेनळी घाटानं महाबळेश्वराकडे चढताना लाव्ह्याचे तीन शैलसमूह लागतात. खाली पोलादपूर, त्यावर आंबेनळी, माथ्याकडे महाबळेश्वर. आपल्या तालुक्याचं नाव जगभरच्या भूशास्त्रीय निबंधांत आहे, हे एसटीत शेजारी बसलेल्याला सांगून पाहा! नुसत्या डोळ्यांना हे थर सारखेच वाटतात. फरक कळतो तो रसायनांतून. कॉक्स आणि हॉक्सवर्थ या भूशास्त्रज्ञांनी महाबळेश्वर परिसरातल्या थरांचा असा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला.

यातली किल्ली म्हणजे स्ट्रॉन्शियम. रुबिडियम-८७ हा रुबिडियमचा समस्थानिक किरणोत्सर्गानं स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतो, पण निम्मा बदलायलाच जवळजवळ ५,००० कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय १,३८० कोटी, म्हणजे हे काम अजून सुरुवातीलाच आहे. ग्रॅनाइटमध्ये रुबिडियम भरपूर, त्यामुळे जितका ग्रॅनाइट जुना तितकं त्यात स्ट्रॉन्शियम-८७ साठलेलं. स्ट्रॉन्शियम-८७ चं स्ट्रॉन्शियम-८६ शी प्रमाण आंबेनळीच्या बेसाल्टमध्ये ०.७०४ च्या आसपास राहतं, खोल प्रावरणातून सरळ वर आलेल्या लाव्ह्यात असावं तसं. पोलादपूरच्या थरांत ते ०.७१० पर्यंत चढतं. त्या लाव्ह्यानं वर येताना वाटेतला जुना ग्रॅनाइटी खडक वितळवून पोटात घेतला होता.

तसा खडक प्रत्यक्ष हाती लागला दक्षिणेला, कोयनेच्या परिसरात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतरही तिथली जमीन हादरत राहिली, म्हणून भूकंपांचा उगम तपासायला खोल विंधनविवरं घेतली गेली. रासाटीला सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. गोठण्याला त्यासाठी १,२०० मीटरांहून खोल जावं लागलं, आणि तिथलं विवर पुढे ३ किलोमीटरपर्यंत नेलं. मधे गाळाचा थर नाही. लाव्हा थेट त्या जुन्या तळावर पसरला होता. तळाचं वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त.

वय सांगतो झिरकॉन नावाचा बारीक स्फटिक. घडताना तो युरेनियमला जागा देतो, शिशाला जवळजवळ देतच नाही. त्यामुळे आत सापडणारं शिसं बहुतेक युरेनियमपासूनच झालेलं असतं, आणि त्यावरून वय काढता येतं. आणि असा ग्रॅनाइट घडतो कसा? डोंगररांगा उभ्या राहतात तेव्हा भूखंड एकमेकांवर रेटले जातात, कवच जाड होतं, खोलवरचा खडक वितळतो आणि वर सरकताना थिजून ग्रॅनाइट बनतो. त्याआधीचे खडक त्या दाबाखाली पट्ट्यापट्ट्यांचे नाइस होतात. शिखरं झिजून जातात, मुळं राहतात, आणि झिरकॉनमध्ये त्या घडामोडींच्या तारखा.

सह्याद्री मात्र असा रेट्यातून उठलेला डोंगर नाही. तो लाव्ह्याच्या पठाराची झिजलेली कड आहे. प्रतापगडावरून समोरच्या कड्यांतले आडवे थर पाहिले की पटतं. खरी जुनी डोंगररांग या पठाराखाली गाडलेली असावी, आणि तिची मुळं उघड्यावर पाहायची तर थेट सिंधुदुर्ग गाठावा. तिथे बेसाल्टचं पांघरूण विरत जातं आणि ग्रॅनाइट-नाइस जमिनीवर येतात.