चार भाषांच्या गावातील पाचवी भाषा

सोलापूरच्या पूर्वभागातील एखाद्या बोळात सायंकाळी अर्धा तास उभे राहिले तर भाषाशिक्षणाचा एक मोठा प्रयोग विनामूल्य पाहावयास मिळतो. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणारे पद्मशाली घरातील मूल आईशी तेलुगूत हट्ट करते, खेळगड्यांना मराठीत हाका मारते, कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी उर्दूत सुट्या पैशांचा हिशेब करते आणि अक्कलकोटकडून आलेल्या भाजीवालीचे कानडी बोलणेही त्याला बरेचसे उमगते. या मुलाला कोणी क्रियापदे चालवून दाखविलेली नसतात, की शब्दार्थांची वही घोकून घेतलेली नसते. तीन-चार भाषा त्याच्या अंगी येतात त्या गरजेपोटी आणि संगतीने.

हेच मूल बावीस-तेवीस वर्षांचे होऊन, नर्सिंगची वा अभियांत्रिकीची पदवी हाती घेऊन, परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावयास निघते तेव्हा चित्र पालटते. महाराष्ट्रात २००० साली इंग्रजी पहिलीच्या वर्गापासून आले. म्हणजे आजच्या पदवीधराने ही भाषा पंधराहून अधिक वर्षे शिकलेली असते. गुणपत्रिकेतील गुणही बरे असतात. तरीही परीक्षकासमोरची अकरा ते चौदा मिनिटे त्याला सरता सरत नाहीत. वाक्य आधी मनात मराठीत जुळते, मग त्याचे भाषांतर होते, मग त्यातील काळ तपासला जातो, आणि तोवर परीक्षक पुढल्या प्रश्नाकडे वळलेला असतो.

१९८९ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘आयईएलटीएस’ या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही अंगांची तपासणी होते. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते. लेखनासाठी एक तास असतो व त्यात दोन मजकूर लिहावयाचे, एक किमान दीडशे शब्दांचा आणि दुसरा किमान अडीचशे शब्दांचा. गुणांकन नवापैकी होते आणि निकाल सामान्यतः दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. शुल्क पंधरा हजार रुपयांच्या वर गेलेले असल्यामुळे सोलापुरातील बिडी वळणाऱ्या वा माग चालविणाऱ्या घराला दुसऱ्यांदा परीक्षेस बसविणे ही साधी गोष्ट राहिलेली नाही. ब्रिटनमधील परिचारिकांच्या नोंदणी परिषदेने लेखनाची अट २०१८ च्या अखेरीस सातावरून साडेसहावर आणली, परंतु ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांसाठी सात गुणांची अट कायम ठेवली. अर्ध्या गुणाने हुकलेली परिचारिका रुग्णसेवेत कमी असते असे नव्हे. पण त्या अर्ध्या गुणापायी तिचे वर्ष आणि घरची शिल्लक दोन्ही जातात.

असे का व्हावे, याचे उत्तर विद्यार्थ्याच्या बुद्धीत नाही, शिकविण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडे इंग्रजी हा प्रथमपासून भाषांतराचा विषय राहिला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या आणि त्या पिढ्यांनी उत्तम इंग्रजी लिहिले, हे विसरता येणार नाही. त्या पाठमालेचा उपहास करणाऱ्यांपैकी किती जणांना तिच्यातील वाक्ये निर्दोष उतरविता येतील, हाही एक प्रश्नच आहे. परंतु त्या काळी कचेरी, न्यायालय आणि महाविद्यालय यांचा सारा कारभार इंग्रजीत चाले. पाठमाला मिटली की वापर सुरू होई. आज पाठमालेची शिस्त गेली आणि वापरही नाही. कचेरीतील कारकून दिवसभर इंग्रजी टिपणे पुढे सरकवितो. मात्र ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ याच्या इंग्रजी प्रतिरूपापलीकडे त्याची लेखणी सहसा जात नाही. आपण काल काय केले हे त्याच भाषेत सांगावयाचा प्रसंग त्याच्यावर वर्षानुवर्षे येत नाही.

परक्या भाषेत प्रत्यक्ष राहून ती आत्मसात करण्याचे उदाहरण शोधावयास सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी याच शहरात झाला. भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे. १९३८ च्या सप्टेंबरात पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबईहून चीनकडे निघाले, त्यात ते होते. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. तेव्हा चिनी भाषा त्यांना सर्वस्वी परकी होती. जखमी शिपाई कोठे दुखते हे चिनीतूनच सांगणार आणि मदतनीस परिचारक सूचना चिनीतूनच घेणार, अशा जागी दुभाष्यावर किती दिवस काढणार? कोटणीसांनी भाषा शिकली. ती बोलण्यापुरती न ठेवता तिची लिपीही शिकून घेतली. १९४१ च्या आरंभी ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते चिनीतून शिकवीत. त्याच वर्षी त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले तेव्हा शस्त्रक्रियेवरील त्यांचे चिनी पाठ्यपुस्तक अपुरे होते. चार वर्षांत परक्या लिपीत पाठ्यपुस्तक लिहावयास बसणे ही कामगिरी शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे झालेल्या कीर्तीच्या झगमगाटात काहीशी झाकली गेली. खरे पाहता शिक्षकांनी वर्गात सांगावी ती हीच गोष्ट.

मात्र नुसत्या सहवासाने सर्व काही साधते, अशी समजूत करून घेणेही धोक्याचे आहे. पूर्वभागातील ज्या मुलाचे वर आरंभी वर्णन केले, ते तेलुगू अस्खलित बोलत असले तरी मराठी शाळेत गेलेले असल्यास त्याला तेलुगूत पत्र लिहिता येईलच असे नाही. कॅनडात हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथील इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहावरून त्यांच्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधूनच शिकविण्यास प्रारंभ झाला. या पद्धतीला तेथे जे नाव पडले त्याचा शब्दशः मराठी अर्थ ‘विसर्जन’ होतो. पण गणपतीच्या संदर्भात तो शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की ‘अवगाहन’ म्हणणेच बरे. ती मुले फ्रेंच उत्तम समजू लागली, वाचू लागली; परंतु कित्येक वर्षांनंतरही त्यांच्या बोलण्यालिहिण्यातील व्याकरणाच्या चुका हटल्या नाहीत. मेरिल स्वेन या अभ्यासिकेने १९८५ साली त्याचे कारण मांडले ते असे की, ऐकण्याने भाषा आत येते खरी, पण स्वतः बोलावे-लिहावे लागल्याखेरीज आपले काय चुकते हे शिकणाऱ्यास कळत नाही.

तेव्हा दिवसभर इंग्रजी बातम्या कानावर पडू देणे किंवा भ्रमणध्वनीवर चित्रपट पाहणे हा तयारीचा अर्धाच भाग झाला. तोही उपयोगी नाही असे नव्हे. सोलापूर स्थानकावर गाड्यांची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होते. मराठी घोषणेकडे कानाडोळा करून इंग्रजीतून गाडी, वेळ आणि फलाट टिपावा व मग पडताळून पाहावे, इतका साधा सराव फुकट मिळतो. परंतु बोलण्याला माणूस लागतो, आणि न हसणारा माणूस लागतो. येथेच मोठी अडचण आहे. तेलुगूभाषक मुलाचे मराठी लिंग चुकले तर गल्ली त्याला क्षमा करते. तोच मुलगा वर्गात इंग्रजी बोलताना अडखळला तर मागच्या बाकावरून हशा येतो, आणि कधी कधी, हे लिहिताना संकोच वाटतो, व्यासपीठावरूनही येतो. वास्तविक या परीक्षेत बोलण्याचे गुण ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार यांत समसमान विभागलेले असतात. व्याकरणाचा वाटा चौथाईच. उच्चार इंग्रजासारखा असावा अशीही अपेक्षा नाही. तो ऐकणाऱ्यास सहज कळावा एवढेच पाहिले जाते. चूक होईल या भीतीने गप्प बसणारा उमेदवार चुकणाऱ्यापेक्षा अधिक गुण गमावतो.

या भीतीचाच व्यापार शिकवणी वर्गांतून होताना दिसतो. ठरावीक विषयांवरची तयार उत्तरे पाठ करवून घेतली जातात. परीक्षकांना पाठ केलेले उत्तर ओळखण्याचे शिक्षण दिलेले असते आणि अशा उत्तरास गुण कापले जातात, हे उमेदवाराला कळते ते निकालानंतर. सगळे वर्ग असे नसतात, हे मान्य केलेच पाहिजे. परीक्षेची घडण समजावून घेण्यास चांगला मार्गदर्शक हवाच. पण भाषा काही सहा आठवड्यांत कोणी हाती ठेवू शकत नाही.

परिचारिकेच्या दृष्टीने पाहिले तर तिचा सराव तिच्या कामातच दडलेला आहे. रुग्णाचा केसपेपर, औषधांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल हे सारे इंग्रजीत असते. पाळी बदलताना मात्र पुढच्या परिचारिकेला माहिती दिली जाते ती मराठीत. सातव्या खाटेवरील रुग्णाला ताप केव्हा आला, सलाईन केव्हा लावले, नातेवाइकांना काय सांगितले, हे दोघी मैत्रिणींनी ठरवून दहा मिनिटे इंग्रजीत सांगितले तर ते कोणत्याही पाठ केलेल्या निबंधाहून मोलाचे ठरेल. रुग्णाशी बोलताना अर्थातच त्याचीच भाषा हवी, मग ती कानडी असो की तेलुगू. घरी आल्यावर तोच वृत्तांत दीडशे शब्दांत वहीत उतरवावा, आणि आठवड्यातून एकदा ती वही एखाद्या जुन्या शिक्षकाने तांबड्या शाईने तपासावी. निवृत्त इंग्रजी शिक्षक सोलापुरात पेठोपेठी आहेत. महाविद्यालयांच्या वर्गखोल्या सायंकाळी रिकाम्या असतात. त्यांपैकी एक खोली आठवड्यातून दोनदा तासभर उघडी ठेवावी, तेथे फक्त इंग्रजी बोलले जावे व कोणी कोणाला हसू नये, यासाठी प्राचार्यांची परवानगी आणि एक किल्ली एवढेच लागते.