गच्चीवरचं विमान

मूळचे पाटण तालुक्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी मात्र २०१९ मध्ये मिळाली. घरी बांधलेल्या विमानाला जपूनच परवानगी द्यावी, हा आक्षेप रास्तच. इंजिन बंद पडलं तर खाली वस्ती असते. पण विमान सुरक्षित असल्याची खात्री फायलीत होत नाही, धावपट्टीवरच होते: आधी जमिनीवर धावणं, मग वेग वाढवत ब्रेक आणि सुकाणू तपासणं, शेवटी हवेत झेप. यादवांनी या चाचण्यांसाठी धुळं गाठलं. अशा चाचण्यांना धावपट्ट्या हव्या असताना सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी मात्र वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिली.