खेळासाठी संगणक जुळवताना

हातकणंगल्यातल्या विद्यार्थ्याने खेळासाठी संगणक जुळवायचा, तर सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा, असे मला वाटते. खिल्लारासोबत वासरू जुंपले, तर गाडी वासराच्याच चालीने जाते. म्हणून पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा आणि प्रोसेसर त्याच्या तोलाचा घ्यावा. २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डवर डीडीआर५ रॅमच चालते. जुनी डीडीआर४ बसत नाही. १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन बऱ्या; माहितीला दोन वाटा मिळतात. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० कार्डाला ११५ वॅट लागतात. बाकीचे भाग धरून कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. तो हलका घेतला, तर एका बिघाडात सारी शिल्लक जळू शकते. रंगीत दिव्यांचा विचार शेवटी!