आधी तार लाल होऊ दे

भात निघालं की भरे गावातल्या आमच्या खाचरात ओलीवर हरभरा पेरतात. त्याच्या मुळांवरच्या गाठी मी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी पुण्याला नेते. निरोगी गाठ आतून गुलाबी असते. हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे रायझोबियम जिवाणू तिच्यात राहतात. गाठ बाहेरून निर्जंतुक करून ठेचायची आणि तो रस लूपने जिवाणू वाढवायच्या अगारच्या प्लेटवर न्यायचा.

लूप म्हणजे दांडीत बसवलेली निक्रोमची तार, टोकाला दोन-चार मिलिमीटरचं वेटोळं. प्लेटच्या कडेला रेघा मारायच्या, तार जाळायची, मग आधीच्या रेघांना जेमतेम शिवून पुढच्या ओढायच्या. दर फेरीत जिवाणू विरळ होतात, शेवटी एकेकटे पडतात. अशा एकट्या जिवाणूची वाढून झालेली ठिपक्याएवढी वसाहत म्हणजे कॉलनी. ती सरळ तारेच्या निडलने अलगद उचलता येते. लघवीच्या तपासणीतलं वेटोळं तर मापाचं असतं: त्यात १ मायक्रोलिटर मावत असेल आणि १०० कॉलनी उगवल्या, तर मिलिलिटरमागे १ लाख जिवाणू.

मी मुलांपाशी अडून बसते ती ज्योतीवर. तार दांडीच्या बाजूने तापवत टोकाकडे यायचं. ओलं टोक एकदम आचेत घातलं तर थेंब तडतडून उडतात, त्यांतून जिवंत जिवाणू टेबलावर पसरतात. सगळी तार लाल झाली की निवू द्यायची, नाहीतर उचलायचे तेच जिवाणू मरतात.

ही शिस्त किती मोलाची, ते १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मलकोवाल गावी दिसलं. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून जिवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची लस तिकडे गेली होती. तिथे एका दिवशी १०७ जणांना ती टोचली. एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता नुसता जंतुनाशकात बुडवून वापरला, असं पुढे निष्पन्न झालं. दोष मात्र हाफकिन यांच्या माथी आला आणि ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. मला त्या १९ घरांचं आजही वाईट वाटतं.

आता एकदाच वापरायचे प्लास्टिकचे निर्जंतुक लूप मिळतात. रुग्णालयाच्या गर्दीत ते सोयीचेच. शिकणाऱ्या मुलांच्या हातात मात्र मी तारच देते, कारण ती लाल झाली की नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं.