कबड्डीची बोली आणि घरचा हिशेब

पेण आणि रोहा तालुक्यांत भातकापणी आटोपली की मोकळ्या शेतांत कबड्डीची मैदाने आखली जातात. गावोगावी रात्रीचे सामने रंगतात. स्थानिक दुकानदार, कंत्राटदार चषक आणि रोख बक्षिसे देतात. या मैदानांवर उतरणाऱ्या मुलांच्या तोंडी आता चषकापेक्षा बोलीचे आकडे अधिक असतात. अमुक खेळाडू दोन कोटींना गेला, हे वाक्य ऐकून कुणी आयटीआय सोडण्याच्या गोष्टी करतो, कुणी धाटावच्या कारखान्यातील नोकरी नको म्हणतो. म्हणूनच हा आकडा नेमका कसा तयार होतो, ते या पानावर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. आठ संघ होते आणि खेळाडू विकत घेण्यासाठी प्रत्येक संघाला ६० लाख रुपयांची मर्यादा होती. त्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतले. मुंबईचा संघ यू मुंबा पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला आणि २०१५ मध्ये बंगळुरूला हरवून विजेता झाला. २०१७ मध्ये चार नवे संघ आले व संख्या बारा झाली. २०१८ च्या लिलावात प्रथमच कोटीचा आकडा ओलांडला गेला. २०२३ मध्ये संघाची मर्यादा ५ कोटींवर पोहोचली आणि तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले.

आता साधी वजाबाकी करू. पाच कोटींतून ही रक्कम गेली की २ कोटी ३९ लाख ५० हजार उरतात. संघात किमान १८ खेळाडू लागतात. म्हणजे उरलेल्या सतरा जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाख येतात, आणि प्रत्यक्षात वाटणी समान नसते. त्या वर्षी सर्वांत खालच्या, ‘ड’ गटातील खेळाडूची मूळ किंमत ९ लाख होती. वर्तमानपत्राच्या मथळ्यात एकाचे नाव येते, बाकीच्यांचे येत नाही. शिवाय त्या हंगामात तेलुगू टायटन्स गुणतक्त्यात शेवटच्या क्रमांकावर राहिले, हेही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे. महाग माल म्हणजे नफा नव्हे.

त्याच हंगामात पुणेरी पलटण विजेती ठरली. त्यांनीही इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख खर्च केले होते. परंतु त्यांचा कणा होता स्वतः घडवलेल्या तरुण खेळाडूंचा. त्यांचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्याच राज्यातील, अहिल्यानगर जिल्ह्यातला. ज्या संघाने मुले घडविण्यावर पैसा लावला, त्याला त्याचे फळ मिळाले.

दुसरा प्रश्न असा की या व्यवसायात खेळाडूचा वाटा किती? लीगच्या प्रक्षेपणाचे पाच हंगामांचे हक्क २०२१ मध्ये ९०८ कोटी ७० लाखांना गेले, म्हणजे हंगामाला सुमारे १८२ कोटी. बारा संघांची पाच कोटींची मर्यादा धरली तर सर्व खेळाडूंवर मिळून फार तर ६० कोटी खर्च होतात, म्हणजे केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्येही १९८४-८५ पासून अशी मर्यादा आहे. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती, २०२४-२५ मध्ये १४ कोटी डॉलरवर गेली. पण तिथे खेळाडूंची संघटना १९५४ पासून आहे. तिने मालकांशी करार करून खेळाच्या उत्पन्नातील जवळजवळ निम्मा वाटा खेळाडूंसाठी मिळवला आहे. मालकांशी वाटाघाटी करणारी तशी संघटना आपल्या कबड्डीपटूंच्या मागे नाही.

रायगडच्या नावानेही संघ निघाला होता. २०१५ च्या महाकबड्डी लीगमध्ये रायगड डायमंड्स खेळले. पण ती लीग फार काळ टिकली नाही. नाव, गणवेश आणि जाहिरात असली म्हणजे संघ उभा राहतो असे नाही. त्यामागे वर्षानुवर्षे पैसा घालणारा मालक आणि पाहणारा प्रेक्षक लागतो.

पूर्वी चांगल्या कबड्डीपटूला बँक, रेल्वे, पोलीस, विमा किंवा मोठी कंपनी नोकरी देत असे. पगार थोडा, पण दरमहा. गुडघा दुखावला तरी चूल पेटत असे. आजची रक्कम मोठी, मात्र ती हंगामाची. पेणचा गणपतीचा कारखानदार हे चटकन समजेल. त्याची कमाई काही महिन्यांची, खर्च बारा महिन्यांचा. त्यामुळे तो पुढच्या वर्षाच्या मातीची, रंगाची आणि कारागिरांच्या पगाराची तजवीज आधीच बाजूला काढतो. खेळाडूला त्याहून जपून राहावे लागते. कारखाना मुलाच्या हाती देता येतो, गुडघा देता येत नाही.

आमचे पालकांना सांगणे एवढेच आहे. मुलगा मेहनती असेल तर त्याला अडवू नका, पण शिक्षण किंवा हातातले कसब पूर्ण करूनच सोडा. करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारा: रक्कम किती हप्त्यांत मिळणार, करार किती वर्षांचा, दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार आणि कर कापून हाती काय येणार. पहिल्या हंगामाचा पैसा गाडीत घालू नका.

आणि बक्षिसे देणाऱ्या व्यापारी मित्रांनाही एक विनंती. लीगचे सामने मॅटवर होतात, आपली मुले मातीवर खेळून तिथे जातात. दरवर्षी उंच चषक देण्याऐवजी चार-पाच गावांनी वर्गणी करून तालुक्यात एक मॅट घेतली आणि एक प्रशिक्षक नेमला, तर तो पैसा चषकाप्रमाणे कपाटात पडून राहणार नाही.