नाणं सापडलं कुठं?

गोदावरीच्या घाटांवर दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. भाविकांनी टाकलेले रुपये-दोन रुपये ती वर काढतात. आजची बहुतेक नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची असतात, म्हणून ही युक्ती चालते. पण त्याच गाळात पणजोबांच्या काळचा चांदीचा रुपया रुतलेला असेल तर चुंबक त्याच्यावरून नुसतंच फिरून जाईल. चांदी चुंबकाला दाद देत नाही. तिच्यासाठी मेटल डिटेक्टर लागतो.

त्याचं तत्त्व नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला कुठलाही पोरगा कागदावर काढून दाखवील. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज वाहते, भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला की त्याच्यात भोवरे घेणारे प्रवाह उठतात आणि त्यांचं उत्तर यंत्राला ऐकू येतं. विजेची सगळ्यांत चांगली वाहक चांदीच, त्यामुळे तिचा आवाज खिळ्या-चुकांपेक्षा वेगळा लागतो. एकटं नाणं वीतभर खोलीपर्यंत कळतं, नाण्यांनी भरलेलं मडकं त्याहून खाली असलं तरी चालतं. अडचण मराठवाड्याची माती करते. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, तिच्यात चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण ठासून भरलेले. साधं यंत्र अशा रानात नेलं की ते जमिनीलाच धातू समजून कुरकुरत राहतं. मातीचा गुण ओळखून यंत्राचा तोल आधी जुळवावा लागतो. तो ज्याला साधला नाही, त्याच्या पदरी बाटल्यांची बुचं आणि नांगराचे तुटके फाळ.

नांदेड-लातूरकडे चांदीचं जुनं नाणं निघालंच, तर ते बहुधा हाली सिक्क्याचं असतं. 17 सप्टेंबर 1948पर्यंत हा मुलूख निजामाचा, व्यवहार हालीत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असे. कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, बरोबर तोळ्याचा, 11.66 ग्रॅम. हाली थोडा हलका आणि त्यात चांदीही कमी. विसाव्या शतकातल्या हालीवर चारमिनार असतो. भिंग घेऊन त्याच्या कमानीत पाहा, एक बारीक अक्षर दिसेल. ‘मीम’ असेल तर नाणं मीर महबूब अली खानाचं, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खानाचं. चारमिनारावर 92 हा आकडाही असतो. अरबी अक्षरांना अंक देण्याच्या जुन्या पद्धतीनं मुहम्मद या नावाची बेरीज 92 भरते. असे रुपये अजून पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात आहेत, त्यामुळे ते सापडल्यानं कुणी लक्षाधीश होत नाही.

खऱ्या अर्थानं दुर्मीळ म्हणावं अशा एका रुपयाचं नांदेडशी नातं आहे, पण ते नाणं पाडलं गेलं पंजाबात. 1708 साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. इथंच त्यांना माधोदास बैरागी भेटला, तोच पुढे बंदासिंग बहादूर झाला. 1710मध्ये त्यानं सरहिंद जिंकलं आणि मग रुपये पाडले. त्यांवर फारसीत गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांची नावं आहेत, स्वतःचं नाव बंदानं घातलं नाही. त्या दोन-तीन वर्षांतले फार थोडे रुपये आज जगात उरलेत. आता असा एखादा रुपया बाजारात आला आणि दुसरा नांदेडच्या एखाद्या पडक्या वाड्याच्या पायात निघाला, तर संग्राहक दोन्हींना सारखीच किंमत देईल. अभ्यासकाच्या लेखी मात्र दुसरा कितीतरी मोठा ठरेल, कारण पंजाबातला पैसा गुरूंच्या समाधीच्या गावी पोचला होता हे तो सांगेल. अर्थात तो वाडा कोणता, कुठल्या थरात, सोबत काय होतं, हे कुणी लिहून ठेवलं असेल तरच.

हे मी तात्त्विक म्हणून सांगत नाही. महाराष्ट्राचा इतिहास एकदा असाच नाण्यांनी फिरवला आहे, आणि तोही याच नदीच्या काठी. नाशिक जिल्ह्यात गोदावरीला दारणा मिळते तिथं जोगलटेंभी नावाचं गाव आहे. 1906 साली तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, थोडाथोडका नव्हे, तेरा हजारांच्या वर. नाणी इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून त्यांच्यावर मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं.

यातलं एक नाणं हातात घेतलं तर ते करंगळीच्या नखाहून जरासं मोठं, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला नहपानाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसरीकडे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. मौज म्हणजे सगळ्या नाण्यांवर नाव एकच असूनही चेहरे सारखे नाहीत, काही तरुण, काही गाल बसलेले. पण खरी गोष्ट पुढे आहे. यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आहे. राजाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, उलट बाजूला उज्जैन चिन्ह, आणि नाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं. नव्या ठशाच्या कडेनं नहपानाचं नाक किंवा ग्रीक अक्षराचा तुकडा डोकावतो. सातवाहनांनी नाणी वितळवली नाहीत, त्याच चांदीवर आपली सही ठोकली.

नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाला, म्हणजे या गौतमीपुत्राला, क्षहरातांचा निःपात करणारा म्हटलं आहे. आईनं मुलाचं केलेलं कौतुक म्हणून कुणी त्यावर शंका घेतली असती. जोगलटेंभीनंतर ती सोय राहिली नाही. गौतमीपुत्रानं नहपानाचा पैसा ताब्यात घेतला, हे धातूतच उमटलेलं आहे. आणि हे कळलं ते साठा एकत्र तपासला गेला म्हणून. दहातल्या सातांवर दुसरा ठसा आणि तिनांवर नाही, हे प्रमाण सुट्या नाण्यात दिसत नाही. हीच नाणी एकेक करून सराफाकडे गेली असती, तर मुशीत पडून त्यांच्या तोरड्या झाल्या असत्या.

मराठवाड्यात याहून वेगळं काय घडतं? गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडाची राखेरी माती खत म्हणून गाड्या भरून रानात गेली. जुनं गाव असं गाव सोडून शेतात पसरलं, आणि पहिल्या पावसानंतर तिथं मणी, नाणी उघडी पडतात. तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यांतूनच तिथलं संग्रहालय उभं राहिलं. असा माणूस प्रत्येक गावाच्या नशिबी नसतो.

कायदा म्हणाल तर 1878चा, निखात निधीचा. मातीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायची. ते दावे मागवतात, सुनावणी चार ते सहा महिन्यांनी ठेवतात. निधी बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक मालकाचा. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. दहा रुपयांची ती मर्यादा आज हास्यास्पद वाटते. पण कायदा झाला तेव्हा दहा रुपये म्हणजे दहा तोळे वजनाची चांदीची नाणी होती. आज एकच हाली रुपया ती ओलांडतो. सरकारनं निधी घ्यायचा ठरवला तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढंच देणं कायद्यात आहे. माझ्या मते लपवालपवीचं मूळ इथंच आहे. बंदासिंगाच्या रुपयाला चांदीच्या भावानं मोजणार असाल, तर कोण येईल सांगायला?

याच्या उलट उदाहरण इंग्लंडातलं. 1992 साली सफोकमधल्या हॉक्सन गावी एक गृहस्थ मित्राचा शेतात हरवलेला हातोडा यंत्रानं शोधत होता. हातोड्याऐवजी रोमन काळातली नाणी लागली, पुढे मोजली तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास, बहुतेक चांदीची. त्यानं खोदणं थांबवून अधिकाऱ्यांना कळवलं. पुरातत्त्ववाले दुसऱ्याच दिवशी आले आणि कुजलेल्या पेटीचे अवशेषही त्यांना जागच्या जागी मिळाले. बक्षीस साडेसतरा लाख पौंड. हातोडा सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे जमिनीतल्या धनाची चर्चा निघाली की पायाळू माणूस, अमावास्या आणि लिंबू पुढे येतात. गुप्तधनापायी नरबळीपर्यंत मजल गेलेली आहे, म्हणून 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा समावेश करावा लागला. त्यापेक्षा यंत्र परवडलं, पण तेही घेऊन कंधार किंवा औशाच्या किल्ल्यात शिरू नका. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय उकरणं गुन्हाच आहे.

आणि विहीर खोदताना, पाया घेताना नाणं लागलंच तर चिंच, राख, रांगोळी दूर ठेवा. काळपट थर घासला की अक्षरंही जातात. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. गट नंबर, खोली, मडकं असेल तर त्याची खापरंसुद्धा जपून ठेवा, आणि मग तहसील गाठून जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या अभ्यासकांचाही पहिला प्रश्न किमतीचा नसेल, सापडलं कुठं हाच असेल.